मित्राला टॅग करायचं तर कसं? आणि त्याआधी त्याला विचारायचं का?

रविवारची संध्याकाळ. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरची मॅच संपलीय. मंगळवार पेठेतल्या दहा-बारा पोरांनी मिरजकर तिकटीला चहा घेतला, गळ्यात गळे घालून एक फोटो काढला. पाच मिनिटांत तो फोटो फेसबुकवर, खाली एक ओळ, 'जगात भारी', आणि सगळ्यांची नावं निळ्या अक्षरात. म्हणजे सगळे टॅग.

आता समजा, त्यातल्या एका पोरानं त्याच दिवशी शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यात 'ताप आलाय, सेकंड शिफ्टला येत नाही' असं कळवलंय. सुपरवायझर त्याच्या फेसबुक फ्रेंड लिस्टमध्ये आहे. फोटो टाकणारा सुपरवायझरला ओळखतही नाही, पण रात्री नऊ वाजता सुपरवायझरच्या मोबाईलवर तो फोटो हजर. सोमवारी सकाळी पोराला केबिनमध्ये बोलावणं.

चूक कुणाची, हा वाद तालमीच्या कट्ट्यावर रंगेल. पण फोटो सुपरवायझरपर्यंत गेला कसा, याचं उत्तर एकच आहे : टॅग. दोन सेकंदांचं काम, पण त्यात दुसऱ्याचं नाव आपण परस्पर वापरत असतो. म्हणूनच टॅग करायचं कसं, टॅग केल्यावर पडद्यामागं काय होतं आणि नको असेल तर आपलं नाव काढायचं कसं, हे तिन्ही एकदा नीट समजून घेऊ.

टॅग म्हणजे नेमकं काय?

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला डिजिटल फलकासारखं दुसरं उदाहरण नाही. चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा बोर्ड लागतो. वर नेत्याचा मोठा फोटो, मध्ये वाढदिवस असलेला 'दादा', आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून वीस-पंचवीस पोरांचे गोल फोटो, नावासकट. त्यातल्या निम्म्यांना विचारलेलंही नसतं. बोर्ड लागल्यावरच त्यांना कळतं की आपण शुभेच्छुक आहोत. बोर्डावर नाव राहिलं तर रुसवा, आणि नको त्या बोर्डावर नाव आलं तर घरी बोलणी.

टॅग म्हणजे तोच शुभेच्छुकांचा कोपरा. फरक तीन आहेत. एक, इथलं नाव दाबलं की थेट त्या माणसाच्या प्रोफाइलवर जाता येतं. दोन, ज्याला टॅग केलं त्याला लगेच सूचना जाते, म्हणजे नोटिफिकेशन. तीन, बोर्ड चौकातल्या लोकांनाच दिसतो, टॅग केलेली पोस्ट मात्र त्या माणसाच्या ओळखीच्या लोकांपर्यंतही जाऊ शकते. हा तिसरा फरक सगळ्यात महत्त्वाचा, त्याबद्दल पुढे.

टॅग, मेन्शन आणि हॅशटॅग : तीन वेगळ्या गोष्टी

बोलताना आपण सगळ्यालाच 'टॅग' म्हणतो, पण यात फरक आहे.

टॅग : फोटोवर किंवा पोस्टवर 'हा माणूस यात आहे' अशी खूण करणं. फोटोतल्या चेहऱ्यावर बोट ठेवून नाव निवडलं की तो टॅग.

मेन्शन : लिहिता लिहिता मजकुरात किंवा कमेंटमध्ये @ हे चिन्ह टाकून कुणाचं तरी नाव घेणं. म्हणजे गर्दीत 'ए भावा' अशी हाक मारणं. तो माणूस फोटोत असायलाच हवा असं नाही.

हॅशटॅग : # या चिन्हापुढे लिहिलेला शब्द. हा माणसासाठी नसतो, विषयासाठी असतो. '#कोल्हापूर' लिहिलं तर त्या विषयाच्या बाकीच्या पोस्टबरोबर तुमची पोस्ट जोडली जाते. कुणा मित्राला त्याची सूचना जात नाही. त्यामुळे # लावून मित्राचं नाव लिहिलं, तर मित्राला काहीच कळत नाही. ही चूक अनेक जण करतात.

@ हे चिन्ह आलं कुठून?

हे चिन्ह जुनं, व्यापाऱ्यांच्या वह्यांमधलं. 'अमुक नग, तमुक दराने' असं लिहिताना ते वापरलं जायचं. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानं ईमेलच्या पत्त्यासाठी ते निवडलं आणि ते संगणकाच्या जगात आलं. २००६ मध्ये ट्विटर सुरू झालं. एकमेकांना उत्तर देताना नावाआधी @ लावायची सवय तिथल्या लोकांनीच लावून घेतली, कंपनीनं नंतर ती अधिकृत केली. हॅशटॅगचंही तसंच. ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना या वापरकर्त्यानं ती कल्पना एका ट्वीटमधून मांडली.

फोटोत माणसं टॅग करायची सोय फेसबुकवर २००५ मध्ये आली आणि २००९ मध्ये मजकुरात @ लावून मित्राचं नाव घेता यायला लागलं. इन्स्टाग्रामवर फोटोत टॅग करणं २०१३ मध्ये सुरू झालं, तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये @ लावून हाक मारायची सोय २०१६ मध्ये आली.

मधल्या काळात फेसबुकनं आणखी एक गोष्ट केली होती. फोटोतला चेहरा ओळखून 'हा अमुक आहे का, टॅग करू का?' असं ते स्वतःच सुचवायचं. लोकांनी हौसेनं केलेल्या टॅगमधून यंत्राला चेहरे शिकायला मिळत होते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात यावर खटला झाला आणि कंपनीला ६५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये फेसबुकनं ही चेहरे ओळखायची यंत्रणा बंद करून शंभर कोटींहून अधिक लोकांचे चेहऱ्यांचे ठसे पुसून टाकत असल्याचं जाहीर केलं. टॅगमध्ये माणसाची ओळखच कुणाच्या तरी हवाली होते, हे जगाला तेव्हा नीट कळलं.

फेसबुकवर टॅग कसं करायचं?

फेसबुकवर तीन वाटा आहेत.

पहिली, पोस्ट लिहितानाच. फोटो निवडल्यावर खाली 'टॅग पीपल' असा पर्याय दिसतो. तो दाबा, मित्राचं नाव शोधा, निवडा, 'डन' करा. पोस्टच्या वर 'अमुक आणि अजून सात जण' असं दिसायला लागतं.

दुसरी, फोटोवरच. फोटो उघडा, टॅगची खूण दाबा, चेहऱ्यावर बोट ठेवा आणि नाव निवडा. एका फोटोत ५० टॅग करता येतात. म्हणजे तालमीचा अख्खा ग्रुप फोटो बसतो.

तिसरी, मजकुरात किंवा कमेंटमध्ये. @ टाका आणि जागा न सोडता नाव लिहायला सुरुवात करा. खाली नावांची यादी येते, त्यातलं योग्य नाव दाबा. नाव यादीतून निवडलंच पाहिजे. नुसतं लिहून पुढे गेलात तर टॅग होत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांची इथं एक अडचण होते. मराठी कीबोर्डवर @ पटकन सापडत नाही, तो चिन्हांच्या पानावर असतो. दुसरं म्हणजे, मित्रानं प्रोफाइलवर नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं असेल आणि तुम्ही देवनागरीत शोधत असाल, तर तो यादीत येईलच असं नाही. अशा वेळी तेवढ्यापुरता कीबोर्ड बदलून नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

आणि कोल्हापुरात तर नाव निवडताना जास्तच जपून. पाटील, चव्हाण, जाधव, सूर्यवंशी अशा आडनावांचे आणि त्यातही एकाच नावाचे चार-चार जण फ्रेंड लिस्टमध्ये सहज निघतात. घाईत पहिलं नाव दाबलं की हळदीच्या रात्रीच्या नाचाचा फोटो भलत्याच पाटील सरांच्या नावावर जातो. नावाशेजारचा छोटा फोटो बघूनच दाबा.

@ लावून नाव निवडल्यावर पूर्ण नाव-आडनाव येतं. ते फार औपचारिक वाटत असेल तर मागची खूण दाबून आडनाव खोडता येतं, टॅग तसाच राहतो. मात्र तिथं 'बंड्या' असं टोपणनाव घालता येत नाही. ते पुढे वेगळं लिहा.

इन्स्टाग्रामवर कसं करायचं?

फोटो निवडून, कॅप्शन लिहायच्या पानावर आलात की 'टॅग पीपल' दिसतं. ते दाबा, फोटोवर जिथं मित्र आहे तिथं बोट ठेवा, त्याचं युजरनेम शोधा. एका पोस्टमध्ये २० जणांना टॅग करता येतं. कुणी राहिलं तर पोस्ट टाकल्यावरही तीन टिंबांवर जाऊन 'एडिट' करून नाव घालता येतं, त्यासाठी पोस्ट काढून परत टाकायची गरज नाही.

इन्स्टाग्रामचं युजरनेम देवनागरीत नसतं. इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब आणि अंडरस्कोअर एवढंच त्यात चालतं. त्यामुळे मित्राच्या खऱ्या नावाचा आणि युजरनेमचा काडीचाही संबंध नसतो, असंही होतं. त्याला विचारून घ्या.

स्टोरीत टॅग करायचं असेल तर मेन्शनचं स्टिकर घ्या किंवा मजकुरात @ लिहा. ज्याचं नाव घेतलं त्याला मेसेज जातो आणि ती स्टोरी स्वतःच्या स्टोरीत टाकायची सोय मिळते. वाढदिवसाच्या रात्री बारा वाजल्यापासून जे स्टोरी पुढे ढकलायचं सत्र चालतं, ते यामुळेच.

'कोलॅब' मात्र टॅगपेक्षा वेगळं. त्यात समोरच्यानं आमंत्रण स्वीकारलं तरच पोस्ट दोघांच्या नावावर जाते. म्हणजे आधी होकार, मग नाव. टॅगमध्ये बहुतेक वेळा उलटं होतं.

व्हॉट्सॲप आणि एक्सवर

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये @ टाकलं की सदस्यांची यादी येते, त्यातून नाव निवडायचं. याचा एक परिणाम अनेकांना माहीत नसतो : समोरच्यानं ग्रुप म्यूट केला असला, तरी त्याचं नाव घेतल्यावर त्याला सूचना जाते. त्यामुळे 'रविवारी वर्गणी कोण कोण देणार' यासाठी रात्री साडेबाराला सगळ्यांना एकेक करून @ लावू नका. सेकंड शिफ्टवरून येऊन झोपलेला माणूस सकाळी ग्रुपच सोडून जातो.

स्टेटसमध्येही आता ओळखीच्या माणसाचं नाव जोडता येतं. त्याला तशी सूचना जाते आणि तो ते स्टेटस स्वतःच्या स्टेटसला लावू शकतो.

एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, फोटोत १० जणांपर्यंत टॅग करता येतात आणि मजकुरात @ लावून कुणाचंही नाव घेता येतं, ओळख असो वा नसो. नको असलेल्या भांडणात कुणी तुमचं नाव ओढलं, तर त्या पोस्टच्या तीन टिंबांवर जाऊन संभाषणातून बाहेर पडायचा पर्याय तिथं आहे.

टॅग केल्यावर पडद्यामागं काय होतं?

आता सुपरवायझरच्या गोष्टीकडे परत येऊ.

फेसबुकवर तुम्ही पोस्ट 'फ्रेंड्स' साठी टाकली, तर ती फक्त तुमच्या मित्रांनाच दिसेल असं वाटतं. पण त्यात कुणाला टॅग केलं की सहसा त्या माणसाच्या मित्रांनाही ती दिसू शकते. तुमचे ४०० मित्र असतील आणि टॅग केलेल्या दहा जणांचे प्रत्येकी ५०० असतील, तर सामायिक ओळखी वगळूनही हा हिशोब कुठल्या कुठे जातो. त्या गर्दीत कुणाचा साहेब असतो, कुणाचा होणारा सासरा असतो, कुणाचा मागचा भांडणाचा माणूस असतो. तुम्हाला त्यातलं कुणीच माहीत नसतं.

दुसरी गोष्ट जागा आणि वेळ. टॅगबरोबर ठिकाणही टाकलं, तर 'हा माणूस आत्ता इथं आहे' हे जाहीर होतं. अख्खं कुटुंब गोव्यात आहे हे सांगणारी पोस्ट, घराला कुलूप आहे हेही सांगत असते. एकटी राहणारी किंवा कुणाच्या त्रासाला कंटाळलेली मुलगी रोज संध्याकाळी कुठल्या क्लासला, कुठल्या जिमला असते, हे मैत्रिणीच्या साध्या टॅगमधून भलत्या माणसाला कळू शकतं. स्वतःचं प्रोफाइल लॉक करून ती सांभाळून राहिलेली असते, आणि कुलूप बाहेरून उघडतं.

लहान मुलांचंही तेच. शाळेच्या गणवेशातला फोटो, शाळेचं नाव, आईबाबांना टॅग. मूल कोण, कुणाचं, कुठं जातं, सगळी माहिती एका पोस्टमध्ये.

इथं कायदा धावून येईल असं समजू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं कंपन्यांवर माहिती गोळा करताना संमती घ्यायची बंधनं आणली, पण एखाद्या व्यक्तीनं खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर त्यातून वगळलाय. मित्रानं मित्राला टॅग करणं साधारणपणे त्यात बसतं. म्हणजे इथं संमतीचा प्रश्न कायद्यापेक्षा मैत्रीवर सोडलेला आहे.

मित्राच्या पोस्टमुळे आपण अडचणीत येऊ शकतो का?

याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात लख्ख उदाहरण पालघरचं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. पालघरमधल्या एका तरुणीनं त्या बंदबद्दल फेसबुकवर पोस्ट लिहिली. तिच्या मैत्रिणीनं ती फक्त लाइक केली. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. देशभर टीका झाली, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली आणि पुढे ते प्रकरण बंद झालं. याच घटनेनंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६ अ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं.

दुसरं उदाहरण खुद्द कोल्हापूरचं. जून २०२३ मध्ये शिवराज्याभिषेक दिनाच्या सुमारास काही मोबाईल स्टेटसवरून शहरात तणाव झाला. ७ जूनला बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, जिल्ह्यातलं मोबाईल इंटरनेट बंद करावं लागलं. ज्या दुकानदारांचा त्या स्टेटसशी काही संबंध नव्हता, त्यांचं नुकसान झालं. मोबाईलच्या पडद्यावरची एक ओळ किती लांब जाते, हे कोल्हापूरकरांना पुस्तकातून शिकायची गरज उरलेली नाही.

कलम ६६ अ गेलं असलं तरी बाकीची कलमं आहेत. भारतीय न्याय संहितेत दोन गटांत तेढ निर्माण करणं कलम १९६ मध्ये, धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं २९९ मध्ये आणि बदनामी ३५६ मध्ये आहे.

न्यायालयांनी दुसऱ्याच्या कृतीची जबाबदारी सरसकट टाकायला नकार दिलाय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं की, समान हेतू असल्याशिवाय ग्रुपमधल्या सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी व्हॉट्सॲप ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये म्हटलं की, पोस्ट लाइक करणं म्हणजे ती प्रसिद्ध करणं नव्हे.

याच न्यायानं पाहिलं, तर कुणी परस्पर टॅग केलं म्हणून तुम्ही ती पोस्ट लिहिली असं होत नाही. पण न्यायालयात काय टिकेल हा शेवटचा टप्पा झाला. त्याआधी चौकीत बोलावणं, मोबाईल दाखवणं, घरच्यांची घालमेल, शेजाऱ्यांची कुजबुज हे सगळं असतं. म्हणून राजकीय, धार्मिक किंवा दोन तालमींच्या समर्थकांमधल्या खुन्नसच्या पोस्टमध्ये मित्राला टॅग करणं म्हणजे त्याला न विचारता मोर्चाच्या पुढच्या रांगेत उभं करणं. मॅच मैदानात संपलेली बरी.

नको असलेला टॅग काढायचा कसा?

फेसबुकवर त्या पोस्टच्या कोपऱ्यातली तीन टिंबं दाबा आणि 'रिमूव्ह टॅग' निवडा. इन्स्टाग्रामवर फोटोवर बोट ठेवा, तुमचं नाव दिसेल, ते दाबा आणि 'रिमूव्ह मी फ्रॉम पोस्ट' निवडा. तिथं फक्त प्रोफाइलवरून लपवायचाही पर्याय असतो, पण त्यानं टॅग जात नाही, तुमच्या पानावरून तेवढा दिसेनासा होतो.

एक लक्षात ठेवा : टॅग काढला म्हणजे फोटो गेला असं नाही. फोटो जिथं आहे तिथं राहतो, फक्त तुमच्या नावाचा धागा तुटतो. फोटोच नको असेल तर टाकणाऱ्याला फोन करून सांगा. बहुतेक वेळा 'अरे, काढ की तो फोटो' एवढ्यावर काम होतं. नाही झालं, तर त्याच तीन टिंबांमधून तक्रार करता येते. फोटो अश्लील किंवा बदनामीकारक असेल, कुणी धमकी देत असेल, तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा.

त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे दारावरच राखण. फेसबुकच्या सेटिंगमध्ये 'प्रोफाइल अँड टॅगिंग' मध्ये जा. तिथं तुम्हाला टॅग केलेली पोस्ट तुमच्या प्रोफाइलवर येण्याआधी तुम्हाला विचारलं जावं, असा पर्याय आहे, तो चालू करा. टॅग केलेली पोस्ट तुमच्या मित्रांपैकी कुणाला दिसावी, हेही तिथंच ठरवता येतं. इन्स्टाग्रामवर 'टॅग्ज अँड मेन्शन्स' मध्ये कोण टॅग करू शकेल ते ठरवता येतं : सगळे, तुम्ही फॉलो करता तेवढेच, की कुणीच नाही. टॅग हातानं मंजूर करायचीही सोय तिथंच आहे. एक्सवर फोटो टॅगिंग पूर्ण बंद करता येतं.

पाच मिनिटांचं काम आहे. आईबाबांच्या मोबाईलवरही करून द्या, कारण त्यांना सकाळी सकाळी चाळीस जणांबरोबर 'शुभ सकाळ' च्या फोटोत टॅग करणारं कुणी ना कुणी असतंच.

'तीन मित्रांना टॅग करा आणि जिंका'

चप्पल, साडी, बिर्याणी, मोबाईल. काहीही जिंकायचं असलं की अट एकच, तीन मित्रांना टॅग करा. दुकानदाराच्या दृष्टीनं ही फुकटची जाहिरात, कारण प्रत्येक टॅगबरोबर नवा माणूस त्याच्या पानावर येतो. गंमत म्हणजे, स्पर्धेत भाग घ्यायची अट म्हणून मित्रांना पोस्टमध्ये टॅग करायला लावणं फेसबुकच्याच नियमांत बसत नाही.

खरी काळजी पुढची. अशा पानांची हुबेहूब नक्कल करून चोरटे कमेंट करणाऱ्यांना गाठतात. 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात' असं म्हणत तुम्हाला टॅग करतात आणि लिंक देतात किंवा कुरिअरचे थोडे पैसे मागतात. 'या व्हिडिओत तू आहेस का?' असं विचारत केलेला टॅगही याच जातीचा. अशा लिंकवर पासवर्ड टाकला की खातं गेलं, आणि मग तुमच्याच नावानं तुमच्या मित्रांना टॅग जायला लागतात. मित्राकडून असा विचित्र टॅग आला तर लिंक न उघडता त्याला फोन करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

टॅग कामाला येतो तेव्हा

हे सगळं वाचून टॅगच करू नये असं वाटेल, पण तसं नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेतल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये 'पॅलेस थिएटर' म्हणून उभं राहिलेलं हे नाट्यगृह जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्यानंतर कलावंतांनी आणि रसिकांनी तिथल्या आठवणी, जुने फोटो सोशल मीडियावर टाकले. अशा जुन्या फोटोत टॅगचं मोल कळतं. मागच्या रांगेत उभा असलेला तो कोण, मेकअपमधली ती कोण, हे टॅग झालं की फोटोला नावं मिळतात. ज्यांना नावं माहीत आहेत ती माणसं आहेत तोवरच हे होऊ शकतं. घरातल्या जुन्या अल्बमचंही तसंच आहे.

महापुरातही तेच. कोल्हापुरात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि मदतीच्या पोस्ट हातोहात फिरल्या. अशा वेळी टॅग कुणाला करायचा हे महत्त्वाचं. पन्नास मित्रांना टॅग करण्यापेक्षा जिल्हा प्रशासन, पोलीस, महापालिका यांच्या अधिकृत खात्यांना करा. पोस्टमध्ये नेमका पत्ता, किती माणसं, त्यात आजारी किंवा वयस्कर कोण, आणि पोस्ट लिहिल्याची तारीख-वेळ लिहा. मदत पोहोचली की तसं पोस्टमध्ये लिहा किंवा ती काढा. नाहीतर काल सुटलेल्या माणसांसाठी आज पुन्हा बोट जाते, आणि खरोखर अडकलेला माणूस वाट बघत राहतो. आणि आधी फोन. टॅग हा फोनला पर्याय नाही.

दाबण्याआधी पाच प्रश्न

एक, तो खरंच या फोटोत किंवा या गोष्टीत आहे का? की फक्त लाइक वाढावेत म्हणून त्याचं नाव घेतोय?

दोन, हा फोटो त्याच्या साहेबानं, आईनं किंवा होणाऱ्या सासऱ्यानं बघितला तर चालेल का?

तीन, तो आत्ता कुठं आहे हे सगळ्यांना कळलेलं त्याला चालणार आहे का? शंका असेल तर घरी पोहोचल्यावर पोस्ट टाका.

चार, यात लहान मूल आहे का? असेल तर आईवडिलांना विचारलंय का?

पाच, हे मत माझं आहे की त्याचंही? माझं असेल तर त्याचं नाव कशाला?

एकाही उत्तरावर अडखळलात तर एकच काम करा. फोटो त्याला आधी व्हॉट्सॲपवर पाठवा आणि विचारा, 'टाकू का रे?' तो 'टाक की भावा' म्हणाला तर बिनधास्त टॅग करा. 'मला वगळ' म्हणाला तर पोस्ट टाका, त्याचं नाव सोडा. मिरजकर तिकटीच्या त्या फोटोबाबत एवढं झालं असतं, तर दहा जण टॅग झाले असते, अकरावा नुसताच फोटोत हसत उभा राहिला असता, आणि सोमवारी वेळेवर कामावर गेला असता.